कर्जत ते लोणावळा, राजमाचीमार्गे: दोन दिवसांची चाल नीट कशी करावी

कर्जतहून कोंदिवडे, तिथून कोंढाणे लेण्यांवरून चढून राजमाची किल्ल्याच्या पायथ्याच्या उधेवाडीत मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी लोणावळ्यापर्यंत चालत. मुंबईच्या माणसासाठी दोन दिवसांची एवढी सोयीची चाल दुसरी नाही. दोन्ही टोकांना रेल्वे आहे, मधोमध जेवण देणारं गाव आहे आणि दोरखंड लावावा असा कडा कुठेही नाही. तरीही दर हिवाळ्यात कुणीतरी कोंढाण्याच्या रानात काळोखात अडकतं आणि कुणीतरी लोणावळ्याच्या फलाटावर मुंबई लोकलची वाट पाहत बसतं. वाट अवघड नाही. कामं उलट्या क्रमाने केली जातात, म्हणून लोक अडकतात. आधी माणसं गोळा होतात, मग सॅक भरली जाते आणि वेळेचा हिशेब थेट चढावर सुरू होतो. खालचे टप्पे दिले आहेत त्याच क्रमाने करा.

टप्पा 1: महिना आणि तारीख

नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य, एवढाच काळ धरा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला गवत कमरेएवढं असतं आणि पायवाट त्यात हरवते. डिसेंबरात ते वाळून आडवं होतं आणि वाट स्वच्छ दिसते. मार्चपासून चढावर पाणी नाही, दुपारी कातळ भाजतो आणि वणव्यांची भीती असते.

पावसाळ्याबद्दल मुद्दाम लिहितो, कारण सगळ्यांना तेव्हाच जायचं असतं. जून ते सप्टेंबर कोंढाण्याची वाट चढू नका. पावसात ती वाट आणि ओढा वेगळे राहत नाहीत, लेण्यांवरून पाणी कोसळतं आणि शेवाळलेल्या दगडांवर चांगल्यांचे पाय सुटतात. पावसातच राजमाची बघायची असेल किंवा जूनच्या तोंडावर काजवे बघायचे असतील, तर लोणावळ्याकडून कच्च्या रस्त्याने जा आणि त्याच रस्त्याने परत या. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. कोंदिवडे रायगड जिल्ह्यात आहे, राजमाची पुणे जिल्ह्यात. पावसाळी पर्यटनावरचे बंदी आदेश जिल्हाधिकारी आपापल्या जिल्ह्यापुरते काढतात, त्यामुळे दोन्हीकडचे आदेश बघावे लागतात.

तारीख ठरली की मध्य रेल्वेच्या रविवारच्या मेगाब्लॉकची आठवण ठेवा. त्याचं वेळापत्रक एक-दोन दिवस आधी येतं. शुक्रवारी संध्याकाळी ते बघण्याचं काम एका माणसाच्या नावावर टाका. सगळ्यांवर सोडलं की कुणीच बघत नाही.

टप्पा 2: माणसं किती आणि कोण

कमीत कमी चार, जास्तीत जास्त आठ. चार का? एकाचा पाय मुरगळला तर एक जण त्याच्याजवळ बसतो आणि दोघे मदतीला जातात; एकट्याला रानात धाडावं लागत नाही. आठच्या वर गेलात की रांग लांबते, पुढच्याला मागचा दिसत नाही आणि दर वळणावर खोळंबा होतो. वीस जणांचा ग्रुप असेल तर दोन तुकड्या करा आणि दोन वेगळे पुढारी नेमा. वीस मित्रांना एकत्र चालायची हौस असते, पण ती उधेवाडीच्या अंगणात भागवावी.

घरातून निघण्याआधी तीन जबाबदाऱ्या वाटून टाका:

- पुढे चालणारा. वाट ओळखतो आणि वेग धरतो. हा सर्वांत वेगवान माणूस नसावा.
- शेवटी चालणारा. त्याच्या मागे कुणीही राहायचं नाही, मग चपलेचा पट्टा असो वा फोटो. प्रथमोपचाराची पिशवी आणि जादा टॉर्च याच्याकडे.
- हिशेब आणि फोन बघणारा. गावातल्या मुक्कामाचं बोलणं, टमटमचं भाडं आणि गाड्यांच्या वेळा याच्याकडे.

सर्वांत हळू चालणारा तुमच्यात कोण, हे आधीच कबूल करा. त्याला पुढून दुसरं ठेवा. मागे ठेवलं की तो कायम धापा टाकत पोहोचतो आणि तो पोहोचताक्षणी बाकीचे उठतात. विश्रांती सगळ्यांना मिळते, त्यालाच मिळत नाही. संध्याकाळी त्याचेच गुडघे धरतात आणि मग सगळे म्हणतात, याला आणायलाच नको होतं.

दमा, रक्तदाब, मधुमेह, मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी: हे ज्याला असेल त्याने किमान दोघांना सांगून ठेवायचं आणि औषध सॅकच्या कुठल्या कप्प्यात आहे तेही दाखवायचं.

टप्पा 3: परतीच्या गाडीपासून उलटा हिशेब

बहुतेक ग्रुप हा टप्पा गाळतात, म्हणून इथे जरा थांबतो.

पहिली गोष्ट: लोणावळ्याहून मुंबईला लोकल नाही. मुंबईची लोकल कर्जत आणि खोपोलीपर्यंत येते. लोणावळ्याहून सुटणारी लोकल पुण्याला जाते. मधल्या घाटात फक्त लांबच्या गाड्या. पुण्याहून येणाऱ्या सिंहगड, डेक्कन क्वीन, प्रगती या सकाळीच निघून जातात, त्या तुमच्या कामाच्या नाहीत. रविवारी तुमच्या उपयोगाच्या म्हणजे दुपारची डेक्कन एक्स्प्रेस आणि संध्याकाळची इंद्रायणी, शिवाय लांबून येणाऱ्या काही गाड्या. त्यांच्या वेळा निघायच्या आठवड्यात रेल्वेच्या ॲपवर पुन्हा बघा आणि तारीख ठरली त्याच दिवशी सेकंड सीटिंगचं आरक्षण करा. रविवारी संध्याकाळी लोणावळ्याहून जनरल डब्यात सॅक घेऊन चढणं हा स्वतंत्र ट्रेक आहे. एसटी आहे, पण रविवारी रात्री द्रुतगती मार्गावर गाड्यांची रांग लागते, त्यामुळे ती दुसरा पर्याय म्हणूनच धरा.

मी इंद्रायणी धरा असं सांगेन. दुपारची गाडी धरली की रविवारची सकाळ धावपळीत जाते.

आता उलटं मोजत या. संध्याकाळची गाडी, म्हणून साडेचार-पाचला लोणावळा. उधेवाडी ते लोणावळा साधारण 15-16 किलोमीटर. सॅक घेऊन, थांबे धरून, पाच ते साडेपाच तास. म्हणजे उधेवाडी सकाळी दहाला सोडायची, अकरा ही अगदी शेवटची वेळ. त्याआधी नाश्ता, त्याआधी श्रीवर्धन (राजमाचीच्या दोन किल्ल्यांपैकी मोठा) बघून उतरणं, म्हणजे किल्ल्यावर निघायचं उजाडताच. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो.

शनिवारचंही तसंच. सूर्यास्त सहाच्या आसपास, पण दाट झाडीत साडेपाचलाच अंधारतं. उधेवाडीत दोन वाजेपर्यंत पोहोचायचं ठरवा. साडेतीन तासांची शिल्लक हाताशी राहते. कोंदिवड्यापासून उधेवाडीपर्यंत साधारण 2000 फुटांचा चढ. आपल्यासारख्या सॅकवाल्यांसाठी हिशेब असा: सपाटीला तासाला तीन किलोमीटर आणि दर 1000 फूट चढाला एक तास वर. विश्रांती आणि लेणी धरून साडेचार-पाच तास. म्हणजे कोंदिवड्यातून नऊला चालायला लागायचं, कर्जतला आठला असायचं आणि सीएसएमटीहून पावणेसहाच्या आत लोकलमध्ये बसलेलं असायचं.

तपासा: या सगळ्या वेळा एका कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात आहेत का? त्यात एक ओळ ठळक असू द्या: सकाळी साडेअकरापर्यंत लेण्यांपाशी पोहोचलो नाही, तर चढायचं नाही, परत फिरायचं. ही ओळ घरी लिहिली तरच पाळली जाते. चढावर वाद घालणाऱ्यांचा आवाज नेहमी मोठा असतो.

उलट्या दिशेने, म्हणजे लोणावळ्याहून येऊन कर्जतला उतरणं सोपं, असं बरेच जण सांगतात. कर्जतला लोकल मिळते ही त्यातली खरी सोय. पण त्यात दुसऱ्या दिवशी, थकल्या पायांनी, घसाऱ्यावरून (सुट्या माती-खडीवरून) तो 2000 फुटांचा उतार येतो आणि उशीर झालाच तर तो कोंढाण्याच्या झाडीत होतो. कर्जतहून चढलात तर अवघड भाग ताज्या पायांनी सकाळी संपतो आणि दुसऱ्या दिवशी उशीर झाला तरी पायाखाली गाडीरस्ता असतो. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांनी चढूनच जावं.

टप्पा 4: पंधरा दिवस आधी पाय आणि बूट

ट्रेकच्या आदल्या दिवशी नवे बूट घेणारा माणूस प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला ओळखून ठेवा. बूट किमान पंधरा दिवस ऑफिसला, बाजाराला, जिन्यावर वापरलेले हवेत. सह्याद्रीच्या कातळासाठी घोट्यापर्यंतचे महागडे बूट लागतातच असं नाही. रबरी, खोल खाचांच्या तळव्याचे ॲक्शन ट्रेकिंगचे बूट वर्षानुवर्षं इथल्या लोकांनी वापरले आहेत. धावायचे, मऊ फोमचे बूट मात्र घसाऱ्यावर दगा देतात. जुने बूट पडून असतील तर तळवा दोन्ही हातांनी वाकवून बघा; डिंक सुकला असेल तर तिथेच सुटेल. नाहीतर तो चढावर सुटतो आणि मग सुतळीने बांधून चालावं लागतं.

सराव कुठे करायचा? बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या मुख्य दारापासून कान्हेरीपर्यंत सहा-सात किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे, शेवटी चांगला चढ आहे. ट्रेकला न्यायची तीच सॅक, तेवढंच वजन घेऊन दोन रविवार जाऊन या. सोमवारी लेणी बंद असतात. ठाण्याकडच्यांना येऊर आहे. तेही जमत नसेल तर इमारतीचे दहा मजले, पाठीवर सॅक, रोज तीन वेळा. उतरतानाही जिनाच वापरा, लिफ्ट नको. मांड्या चढताना थकतात, गुडघे उतरताना बोलतात.

आणि दोन दिवस आधी पायाची नखं कापा. हास्यास्पद वाटेल, पण उतारावर अंगठ्याचं नख बुटाला आपटून काळंनिळं होतं ते याच कारणाने.

टप्पा 5: सॅक

गावात जेवण आणि झोपायची सोय होते, त्यामुळे तंबू, स्टोव्ह, तांदूळ, कांदे-बटाटे काही लागत नाही. पाण्यासकट सॅक सात-आठ किलोच्या वर जाता कामा नये.

आत काय: पातळ स्लीपिंग बॅग किंवा चादर आणि स्वेटर (पहाटे थंडी वाजतेच), एक कोरडा कपड्यांचा जोड, मोज्यांचे दोन जोड, टोपी, डोक्याला लावायचा टॉर्च आणि त्याचे जादा सेल, शिट्टी, पॉवर बँक, ताट-पेला, आपला कचरा परत आणायला पिशवी. टॉर्च प्रत्येकाचा स्वतःचा. मोबाइलचा टॉर्च हिशेबात धरायचा नाही, कारण तो फोन करण्यासाठी राखून ठेवायचा आहे. सगळे कपडे आधी एका मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत आणि ती सॅकमध्ये. हिवाळ्यातही पाण्याची बाटली गळतेच.

भरण्याचा क्रम: तळाशी स्लीपिंग बॅग, पाठीला टेकून मधल्या उंचीवर जड वस्तू, वर खाणं, बाहेरच्या कप्प्यात टॉर्च आणि औषधं. जड सामान तळाशी गेलं की सॅक खांदे मागे ओढते. आणि कृपा करून सॅकला बाहेरून काही लोंबकळवू नका. झाडीत ते अडकतं, सोडवताना तोल जातो.

पाणी माणशी तीन लिटर, कर्जतला भरलेलं. चढावर खात्रीचं पाणी धरू नका. सोबत ओआरएसची दोन पाकिटं. मोठ्या पाकिटाला पूर्ण एक लिटर पाणी लागतं; अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतून तहान लागल्यावर पिणारे बरेच असतात आणि त्याने तहान आणखी वाढते. एक लिटरची बाटली त्यासाठी वेगळी ठेवा.

खाणं: दशम्या, गूळपोळी, खजूर, शेंगदाण्याचे लाडू, उकडलेली अंडी, काकडी, संत्री. फरसाण आणि वेफर्स घरी ठेवा, पाणी पिऊन पिऊन तीन लिटर दहा वाजताच संपतात. चिक्की नेली तर चालेल, पण ती आपण लोणावळ्याला निघालोय हे लक्षात घेऊन न्या.

औषधांत क्रेप बँडेज, चिकटपट्ट्या, जंतुनाशक, पॅरासिटामॉल, जुलाबावरची गोळी, कापूस, छोटी कात्री. एवढं पुरे. ज्याची गोळी डॉक्टरांनी ठरवून दिलेली आहे ती त्याची त्याने आणायची.

फोनवर त्या भागाचा नकाशा वाय-फायवर असतानाच उतरवून ठेवा. फ्लाइट मोडमध्ये जीपीएस चालतो आणि बॅटरी टिकते. दुसऱ्या कुणाचा ट्रॅक घेतला तर तो कोणत्या महिन्यातला आहे ते बघा. पावसाळ्यातल्या लोकांनी ओढे टाळायला घेतलेला वळसा तुम्हाला हिवाळ्यात विनाकारण काट्यात नेतो.

रोख पैसे घ्या, सुट्ट्यांत. गावात रेंज मिळेलच असं नाही आणि रेंज नसेल तर यूपीआय कितीही हुशार असलं तरी चालत नाही.

तपासा: शुक्रवारी रात्री सॅक पाठीला लावून घरात दहा मिनिटं फिरा. काही टोचत असेल तर ते चढावर शंभर पटीने टोचेल. उधेवाडीतल्या मुक्कामाच्या घरी फोन करून माणसं किती, शाकाहारी किती, किती वाजता पोहोचणार, हे सांगितलं का? न सांगता दहा जण दुपारी दारात उभे राहिले तर त्या मावशींनी भाकऱ्या कधी थापायच्या?

टप्पा 6: लोकल, वडा, टमटम

भेटण्याची जागा दादरच्या पुलावर ठरवू नका. सगळ्यांनी एकच लोकल आणि एकच डबा ठरवा. जो तो आपल्या स्टेशनवर त्यात चढतो. पश्चिम रेल्वेवाल्यांनी दादरला बदलायचं, त्यामुळे त्यांनी त्या लोकलच्या किमान पंधरा मिनिटं आधी दादरला असायचं. ज्याची लोकल चुकली तो मागच्या लोकलने येईल, पण कर्जतला त्याच्यासाठी अर्धा तासच थांबायचं. हे आदल्या रात्री स्पष्ट सांगा, मैत्री टिकते.

कर्जतला नाश्ता उरका. दिवाडकरांचा वडा खायचा तर खा, पण दोनच. चढ लगेच आहे. शौचालयही इथेच.

स्टेशनबाहेरून कोंदिवड्याला टमटम आणि रिक्षा मिळतात. अंतर बारा-तेरा किलोमीटर. बसण्याआधी भाडं ठरवा आणि कोंदिवड्यापर्यंतच की पुढे पायथ्यापर्यंत, हेही ठरवा. बरेचसे वाद "कोंढाणे" या शब्दावरून होतात. गाव वेगळं, लेणी वर रानात.

उतरल्यावर सॅक न उचलता आधी पाच मिनिटं घोटे, गुडघे, कंबर हलवून घ्या. बुटाचे बंद पुन्हा बांधा: चढताना घोट्यापाशी थोडे सैल, पंजाशी घट्ट.

टप्पा 7: चढ

पहिली वीस मिनिटं मुद्दाम हळू. इतकं हळू की सगळ्यांना कंटाळा यावा. बोलता येईल एवढ्याच वेगाने चढायचं. ज्याला वाक्य पूर्ण करता येत नाही तो वेगात आहे. पुढच्याने पन्नास मिनिटं चालवावं, दहा मिनिटं थांबवावं. मधे मधे दोन-दोन मिनिटांचे थांबे घेणारा ग्रुप तितकंच थांबतो आणि कुणालाच विश्रांती मिळत नाही.

लेण्यांपर्यंत साधारण पाऊण ते एक तास. इथे अर्धा तास पुरे. आत धूर करू नका, मोठ्याने गाणी लावू नका, अत्तर किंवा डिओ मारून आलेला कुणी असेल तर त्याला आधीच समज द्या. कड्यांवर आग्या माशांची मोहोळं असतात आणि वास, धूर, गोंगाट त्यांना चालत नाही. पोळं उठलंच तर हात न झटकता, तोंड-डोकं कापडाने झाकून, दाट झाडीत किंवा लांब पळत सुटा. वस्तू मागे राहिल्या तर राहू द्या. डंख नखाने किंवा कार्डाच्या कडेने लगेच खरवडून काढा.

लेण्यांपासून पुढचा चढ झाडीतला, दमवणारा. खरी चूक इथे होते. गुरांच्या आणि लाकूडफाट्याच्या वाटा मुख्य वाटेला जागोजागी फुटतात. ढोरवाट ओळखायची ती अशी: ती रुंद सुरू होते, मग दोन-तीन फाट्यांत विरते आणि शेवटी झुडपात जाऊन संपते. मळलेली वाट दगडांवरही पुसटशी गुळगुळीत दिसते, झाडांवर किंवा खडकांवर बाण असतात, क्वचित दगडांच्या राशीही असतात.

दहा मिनिटं झाली आणि बाण दिसला नाही, पायाखालची माती मोकळी वाटते, फांद्या तोंडावर येतात: थांबा. पुढे जाऊन "बघून येतो" म्हणणाऱ्याला धरून ठेवा. सगळ्यांनी मिळून शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे यायचं. सरळ वर चढत गेलं की गाव लागेलच, ही समजूत सर्वांत धोक्याची. वर कातळाची भिंत लागते, तिच्या कडेने आडवं मारत जाताना घसारा लागतो, आणि चढलेलं उतरता येत नाही.

गावकरी भेटले तर विचारण्याची एक रीत आहे. "राजमाचीला हीच वाट ना?" असं विचारलंत तर उत्तर "हो" येतं, कारण नाही म्हणून पाहुण्याला का दुखवा. "मामा, राजमाचीला कुठून जायचं?" असं विचारा आणि ते हात कुठे करतात ते बघा. "किती वेळ लागेल?" याचं उत्तर मात्र तिपटीने वाढवा, त्यांची दहा मिनिटं त्यांच्या पायांची असतात. पहिलीच वेळ असेल आणि ग्रुपमध्ये कुणालाच वाट ठाऊक नसेल, तर पायथ्याच्या गावातून सरळ वाटाड्या घ्या. पैसे आधी ठरवा, त्याच्या जेवणाचं विचारा.

सावध: बसण्याआधी दगड काठीने हलवा, हात न बघता फटीत घालू नका. साप चावलाच तर चिरा देणं, चोखणं, घट्ट बांधणं काही करू नका. माणसाला हलू देऊ नका, अंगठी-घड्याळ काढा, अवयव लाकडाला सैल बांधून स्थिर ठेवा आणि 108 किंवा 112 ला फोन करा. सर्पदंश आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा. रेंज नसेल तर दोघे गावाकडे. शिट्टीचा संकेत: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. लोणावळ्यात शिवदुर्ग मित्र ही बचावकार्य करणारी स्थानिक संस्था आहे. तिचा संपर्क घरी असतानाच शोधून कागदावर लिहून घ्या.

टप्पा 8: उधेवाडी आणि दोन किल्ले

पोहोचल्यावर बूट-मोजे काढा, पाय धुवा, फोड आला असेल तर आत्ताच पट्टी लावा. फोड फोडू नका. कोरडे मोजे घाला. मग जेवा. हा क्रम उलटा केला की पोट भरल्यावर पायाकडे कुणी बघत नाही.

जेवणानंतर तासभर आडवं होऊन मग चारच्या आसपास मनरंजन. दोन किल्ल्यांपैकी हा लहान. दोन्हींच्या मधल्या खिंडीत भैरवनाथाचं मंदिर आहे, तिथून वाटा फुटतात. सूर्यास्त वरूनच बघायचा हट्ट असेल तर प्रत्येकाच्या डोक्याला टॉर्च हवा. वर बुरुजाच्या कडेवर बसून फोटो काढू नका. तिथला चुना आणि दगड किती धरून आहेत हे खालून कळत नाही.

गावातली वागणूक: पडवीत पादत्राणं घेऊन शिरू नका, रात्री दहानंतर आवाज नको, स्पीकर तर आणूच नका, दारूच्या बाटल्या घेऊन येणाऱ्याला मुंबईतूनच परत पाठवा. तळ्यात आणि टाक्यांत साबण लावून अंघोळ करू नका, ते पाणी लोक वापरतात. पिठलं-भाकरीला आणखी एक भाकरी लागणार असेल तर थापणं चालू असतानाच सांगा, चूल विझल्यावर नको.

रात्री झोपण्याआधी उद्याचं पाणी भरा आणि बूट उलटे करून ठेवा. सकाळी घालण्याआधी ते झटका, विंचू निघू शकतो.

रविवारी उजाडताच श्रीवर्धन. उंची 914 मीटर, माथ्यावर जाऊन, बघून, उतरायला अडीच तास धरा. फक्त पाणी आणि टॉर्च न्या, सॅक घरातच.

तपासा: साडेनऊला खाली असायचं. उशीर झाला तर नाश्ता बांधून घ्या, पण चालायला अकराच्या आत लागा.

टप्पा 9: लोणावळ्याकडे

कच्चा गाडीरस्ता आहे, म्हणून लोक याला चाल समजत नाहीत. चूक. थकवा इथेच येतो. सावली तुटक, खडी पायाखाली सतत फिरते आणि वाट संपत नाही. टोपी घाला, तासाला साडेतीन किलोमीटरचा वेग धरा आणि तो सोडू नका. सुरुवातीला उत्साहात पुढे पळालेले शेवटच्या पाच किलोमीटरला लंगडतात.

वळवंड, फणसराई अशा वाड्यांकडे फाटे फुटतात. पुढे गेलेल्याने प्रत्येक फाट्यावर थांबायचं, शेवटचा माणूस दिसेपर्यंत. रस्ता रुंद आहे म्हणून इथे ग्रुप फुटतो आणि नेमके दोघे दुसऱ्या वाडीत जाऊन पोहोचतात. फाट्यावर शंका आली तर नकाशा उघडा, जास्त मळलेला रस्ता बरोबर असेलच असं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या जीप धूळ उडवतात, वळणावर रस्त्याच्या आतल्या अंगाला उभे राहा.

कुणाचे पाय पूर्ण गेलेच तर गावातून किंवा वाटेत जीप मिळते. त्यात लाज नाही. पण ते दुपारी दोनला ठरवा, पाचला नको.

तुंगार्ली धरण दिसलं की लोणावळा आलं असं सगळे म्हणतात आणि तिथे तासभर बसतात. स्टेशन तिथून अजून पाऊण तासाच्या चालीवर आहे. बसायचं तर स्टेशनवर चहा घेऊन बसा. चिक्की इथेच घ्या, पण आधी फलाटाचा क्रमांक बघा.

गाडीत बसल्यावर हिशेबवाल्याने सगळ्यांचे खर्च लगेच वाटून टाकावेत. एकदा दादरला उतरलेल्या माणसाकडून पैसे मिळायला पुढचा ट्रेक लागतो. घरी पोहोचल्यावर अंगावर, विशेषतः गुडघ्यामागे आणि कमरेपाशी, गोचीड आहे का बघा. बूट धुऊन सावलीत वाळवा, उन्हात नको, तळवा सुटतो. आणि स्लीपिंग बॅग सॅकमधून आजच बाहेर काढा.